त्रान्सितोचा घेवडा

पाच हजार मीटरवर पाणी
त्र्याऐंशी अंशांवरच उकळायला लागतं.
नुसता गाजावाजा.
बुडबुडे येतात, झाकण थडथडतं, खिडकी वाफेने पुसट होते
आणि घेवडा जसाच्या तसा.
बाहेर अटाकामाच्या खड्यांत सांडला
तर वेचून वेगळा काढता यायचा नाही.

त्रान्सितो आयावीरे
दुर्बिणीच्या तळावर आमचा स्वयंपाक करते.
ऑगस्टातल्या सणाला जन्मली म्हणून हे नाव :
ओलांडून जाणं, असा त्याचा अर्थ.
आमच्या धंद्यातही तोच शब्द.
ताऱ्यासमोरून ग्रह ओलांडून जातो
आणि उजेड हजारात सहा भाग कमी होतो, तासभर.
तेवढ्यासाठी आम्ही रात्री जागतो.

"आज पावणेतीनला," मी म्हणालो,
"तुझं नाव लावून एकजण जाणार आहे."
तिने डाव काठावर ठेवला.
"तिथे घेवडा शिजेल का?"

फिनलंडहून आलेल्या ओस्कारीला असे प्रश्न आवडतात.
त्याने कागदी रुमालावर लहानसा तांबडा तारा काढला,
भोवती एक पट्टा.
पट्ट्याच्या आत : पाण्याची वाफ.
पट्ट्याच्या बाहेर : पाण्याचा दगड.
"मधे पाणी पाणी राहतं. अंतर जमलं पाहिजे."

त्रान्सितोने पातेल्यात पाहिलं.
"पाणी इथेही पाणीच आहे की."

ओस्कारी गप्प झाला. मग कानामागे खाजवत म्हणाला,
चंद्रसुद्धा सूर्यापासून आपल्याइतकाच दूर आहे,
आणि तिथे घोटभर पाणी वाहत नाही.
नुसत्या अंतराने भागत नाही.
वरून हवेचा दाब लागतो. झाकण लागतं.

"मग तसं सांग ना," म्हणत
तिने कुकरचं झाकण दोन्ही हातांनी आवळलं.

नंतर, शिट्टीची वाट बघताना, तिने सांगितलं :
एका जूनमध्ये लामाचं पिल्लू अवेळी जन्मलं.
वडिलांनी ते घरात आणलं, ओलं, थरथरतं.
चुलीला खेटून ठेवलं तर लोकर करपेल,
दाराशी ठेवलं तर कान गोठतील.
त्यांनी जमिनीवर विती मोजल्या. साडेतीन.
तिथे पोतं अंथरलं.
पण ते झोपले नाहीत.
निखारे उतरले की पिल्लू अर्धी वीत पुढे,
नवं लाकूड पेटलं की एक वीत मागे,
पहाटेपर्यंत.

"तुमच्या ताऱ्याची आच एकसारखी असते?"

नसते.
तांबडे तारे लहानपणी तापट असतात,
एका फणकाऱ्यात ग्रहाची हवा उडवून देतात.
आपला सूर्यही हळूहळू प्रखर होतोय.
पट्टा बाहेर सरकत जाईल
आणि आपण राहू होतो तिथेच,
साडेतीन वितींवर.

"आणि उठतं कोण रात्री?" तिने विचारलं,
"पिल्लू सरकवायला?"

रुमालावर याला जागा नव्हती.

दोन अडतीस. मी वर पळालो, धापा टाकत.
पडद्यावरची रेघ सपाट, सपाट,
मग एक उतार,
बोटाने दाबलेल्या कणकेएवढा.
कुणीतरी ओलांडून जात होतं.
त्याला हवा आहे की नाही, कळत नव्हतं.
त्याच्या एका बाजूला कायमची दुपार असेल,
दुसरीकडे कधीच न उजाडलेलं,
आणि मधल्या संधिप्रकाशात
कदाचित एखादं डबकं.
कदाचित.

अंतर देऊ नकोस, असं आपण देवाला विनवतो.
त्या रात्री मला वाटलं,
कधीतरी उलटंही मागावं :
अंतर दे,
धग पोळणार नाही आणि ऊब तुटणार नाही एवढं,
वर एक झाकण दे,
आणि झोपू नकोस.

साडेचारला खाली आलो.
त्रान्सितो टेबलावर डोकं टेकून निजली होती,
कुकर चादरीत गुंडाळून ठेवलेला.
घेवडा शिजला होता,
बराचसा.
एखादा दाणा दाताखाली कचकन वाजायचा.
ओस्कारी दोनदा वाढून घेऊन जेवला
आणि रुमाल घडी करून
खिशात ठेवला.